पद्मपूरचा भांडखोर कवी

नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराने देवाला नमस्कार करावा, प्रेक्षकांना गोंजारावे, कवीची ओळख करून द्यावी आणि बाजूला व्हावे, अशी संस्कृत रंगभूमीची रीत. भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत टीकाकारांशी भांडणच उकरून काढले. आम्हाला तुच्छ लेखणाऱ्यांनो, हा खटाटोप तुमच्यासाठी नाही. माझ्या जातकुळीचा रसिक, माझा समानधर्मा, कुठेतरी असेल किंवा पुढे जन्मेल, काळाला अंत नाही आणि पृथ्वीही लहान नाही, असा त्या श्लोकाचा आशय. एवढ्यावर न थांबता त्याने आपली सगळी माहिती नोंदवून ठेवली. काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, उदुंबर घराणे, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, स्वतःचे नाव श्रीकंठ, गाव पद्मपूर. कालिदासाचे गाव कोणते यावर पंडित अजून भांडतात. आठव्या शतकातल्या या गृहस्थाने पत्ताच लिहून दिला.

पत्ता असूनही गाव सापडेना. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७६ साली जगद्धराच्या टीकेसह ‘मालतीमाधवा’ची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा त्यांनी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, आसपास बोट दाखवले. नेमक्या जागी पोचले ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. १८९३ साली कोकणातल्या कुवळे गावी जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेले मिराशी कवितेइतकेच ताम्रपटांत रमत. काही पोथ्यांत पद्मपूर विदर्भात असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरीकडे, दुर्गकडे सापडलेला वाकाटक राजांचा एक अपुरा ताम्रपट पद्मपुराहून दिलेला होता. हे दोन धागे जुळवून मिराशींनी आमगावजवळच्या पदमपूरवर खूण केली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ पासून तो गोंदियात आला. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचे नाव आहे.

गावाने मात्र त्याला पोसलेले दिसत नाही. त्याची तिन्ही नाटके, ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’, कालप्रियनाथाच्या यात्रेत रंगली. हा देव यमुनाकाठच्या काल्पीचा, असे मिराशींचे मत. कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी वाक्पतिराज आणि भवभूती असल्याचे कल्हणाने ‘राजतरंगिणी’त नोंदवले, तेही काश्मीरच्या ललितादित्याने यशोवर्म्याचा पराभव केला हे सांगताना. विदर्भातला विद्वान ब्राह्मण उत्तरेत गेला, आधी यात्रेतल्या गर्दीपुढे आणि मग राजसभेत उभा राहिला, एवढा प्रवास त्यातून दिसतो. प्रस्तावनेतली ती चिडचिड बहुधा राजाश्रयाच्या आधीची.

चिडण्याला कारणही असावे. भवभूती अवघड आहे. त्याचे समास लांबलचक, भाषणे त्याहून लांब, आणि तिन्ही नाटकांत विदूषक औषधालाही नाही. ‘मालतीमाधवा’चे दहा अंक आज कोणी सलग बसून पाहील, असे वाटत नाही, त्यातला स्मशानाचा अंक तेवढा अंगावर काटा आणतो. पण ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक पाहावा. सीता मेली असे समजून राम जनस्थानात येतो. गंगेच्या वराने अदृश्य झालेली सीता त्याच्या शेजारी उभी असते. वनदेवता वासंती रामाला सीतेबद्दल विचारून विचारून भंडावून सोडते, आणि प्रजेसाठी बायकोला टाकणाऱ्या राजाची उलटतपासणी सुरू होते. राजाला असे धारेवर धरणारा प्रसंग आपल्या जुन्या वाङ्मयात फार थोड्यांनी लिहिला आहे.

याच अंकात तमसा नदी सांगते की रस मुळात एकच, तो करुण. बाकीचे त्याचीच रूपे. भरतमुनींनी आठ रस मांडले होते. त्यांना एका पात्राच्या तोंडून दिलेले हे आव्हान म्हणजे नाटकाच्या आत दडवलेला टीकालेखच. सातव्या अंकात तर वाल्मीकीचे नाटक रामापुढे सादर होते आणि राम ते पाहून मूर्च्छित पडतो. नाटक माणसाचे काय करते, याचा प्रयोगच भवभूतीने करून दाखवला.

सुमारे अकराशे वर्षांनी अमेरिकेत एडगर ॲलन पो याने असाच दुहेरी उद्योग केला. कविता लिहायची आणि परखड परीक्षणांनी समकालीनांना दुखवायचे. १८४६ च्या निबंधात त्याने सुंदर स्त्रीचा मृत्यू हा काव्याचा सर्वांत काव्यमय विषय ठरवला. ऑक्टोबर १८४९ मध्ये तो गेला आणि दोनच दिवसांत संपादक ग्रिसवोल्डने टोपणनावाने त्याची बदनामी करणारा मृत्युलेख छापला. पोचा समानधर्मा समुद्रापलीकडे निघाला, फ्रान्सचा कवी बोदलेअर. मात्र पोची दुःखी माणसे आपल्याच खोलीत कोंडलेली असतात. रामाच्या दुःखाला प्रजा, सासरा, मुले, नद्या, सगळ्यांना उत्तर द्यावे लागते. भवभूती मला मोठा वाटतो तो इथे.

त्याचे समानधर्मे मराठीतही आले. परशुरामतात्या गोडबोल्यांनी ‘उत्तररामचरित’ मराठीत आणले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी विशीत असताना, सरकारने पुढे बंद केलेल्या ‘शालापत्रका’त कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावर निबंध लिहिले. पुढे ते ‘संस्कृत कविपंचक’ म्हणून गाजले. कवीची थोरवी सांगताना त्याचे दोषही मांडायचे, ही शिस्त मराठी टीकेला लागली त्यात या निबंधांचा वाटा आहे. मिराशींनी भवभूतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १९७४ साली इंग्रजीतही आला.

पंडितांनी आपले काम केले. राहिला प्रेक्षक, आणि तो पदमपुराच्या आसपासच आहे. भाऊबीजेनंतर गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, वडशाच्या नाटक कंपन्या येतात आणि या झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत चालतात. धानाचा हंगाम उरकलेले हजारो लोक थंडीत बसून रडतात, हसतात, गाण्यांना वन्स मोअर देतात. करुणरसाला एवढा भरवशाचा प्रेक्षक महाराष्ट्रात दुसरीकडे मिळणे कठीण. भवभूतीची नाटकेही यात्रेतच झाली होती. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या खटपटीने इथल्या झाडीबोलीला साहित्यात मान मिळाला आहे. तेव्हा आमगावच्या प्राध्यापकांनी आणि वडशाच्या एखाद्या निर्मात्याने एकत्र बसावे, समास मोडावेत, भाषणे छाटावीत, हवा तर एक विनोदी नटही घालावा, आणि पुढच्या मंडईत तिसरा अंक झाडीबोलीत उभा करावा.