पांढरी टाचणी

ती मी पहिल्यांदा पाहिली दोडामार्ग तालुक्यात, देवराईतून वाहणाऱ्या एका ओढ्यावर. ऑक्टोबरची सकाळ होती. पाऊस सरला होता, तरी खडकांवरचं शेवाळ अजून ओलंगच्च होतं. पाण्यावर झुकलेल्या गवताच्या पात्याच्या टोकाला ती बसली होती. काडीइतकी बारीक, आणि दुधावरच्या सायीसारखी पांढरी. मी जागच्या जागी थांबलो. तिने पंख पाठीवर मिटलेले होते. सावलीतल्या त्या काळपट हिरवाईत तेवढीच एक पांढरी रेघ दिसत होती.

चतुर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या शेपटीला दोरा बांधण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळलेला असतो, आणि त्याची खंतही मोठेपणी वाटलेली असते. टाचणी त्याच गोतातली, पण अंगाने नाजूक. चतुर बसताना पंख आडवे पसरतो, बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. पश्चिम घाटात चतुर आणि टाचण्या मिळून दोनशेहून अधिक जाती आहेत. तेव्हा मला त्यांतल्या वीस-पंचवीस ओळखता येत होत्या. पांढरी टाचणी त्यांत नव्हती. हाताशी असलेल्या पुस्तकातल्या चित्रांतही ती सापडली नाही. त्या रात्री मी वहीत लिहिलं, ‘बहुधा नवीन जात’, आणि त्या शब्दांखाली रेघ ओढली.

फोटो मी आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांना दाखवले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “कशापेक्षा वेगळी?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ती पांढरी आहे, सुंदर आहे, मी आधी पाहिलेली नाही, एवढंच मी सांगू शकत होतो. त्यांतलं पहिलं टाचणीबद्दल होतं, उरलेलं सगळं माझ्याबद्दल.

पुढचे काही महिने मी त्या एका प्रश्नाच्या मागे होतो. सरांनी मला फ्रेझरचा ग्रंथ वाचायला लावला. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला शल्यविशारद. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले त्याचे चतुर-टाचण्यांवरचे तीन खंड 1933, 1934 आणि 1936 साली निघाले. आजही कुठली टाचणी नवी आहे असं म्हणायचं, तर आधी या खंडांतून वाट काढावी लागते. ते गद्य वाचताना सुरुवातीला जीव घुसमटतो. डोक्यापासून निघायचं, मग वक्ष, पाय, पंख, पोटाचे दहा खंड एकामागून एक, आणि शेवटी शेपटीच्या टोकाची उपांगं. कुठेही उद्गार नाही. पण महिनाभराने माझ्या लक्षात आलं, की त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी दुसऱ्या जातीकडे पाहत लिहिलेलं आहे. एखादा ठिपका आठव्या खंडावर आहे असं लिहिलं असेल, तर तो नवव्यावर असणारी जात लिहिणाऱ्याला माहीत असते.

शेपटीच्या टोकाला इतकं महत्त्व का, हेही तेव्हा समजलं. टाचणीचा नर त्या चिमट्यासारख्या उपांगांनी मादीला मानेमागे, वक्षाच्या पहिल्या भागाशी पकडतो. चिमट्याचा आकार आणि मादीच्या त्या भागाची घडण एकमेकांना जुळावी लागते. म्हणून रंगाने जुळ्या दिसणाऱ्या दोन जाती इथे वेगळ्या निघतात. रंगावर फार विसंबता येत नाही. मेल्यावर टाचणीचा रंग पाहता पाहता काळवंडतो. तो थोडाफार टिकावा म्हणून नमुना अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतात. शिवाय कातीतून नुकत्याच बाहेर आलेल्या टाचणीचा रंग आणि पिकल्या वयातला रंग यांत पुष्कळ अंतर असू शकतं.

हे शेवटचं वाक्य सरांनी सहज बोलावं तसं उच्चारलं होतं, आणि वर म्हणाले होते, “पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे जाऊन नुसता बस.”

मी गेलो. सलग सहा दिवस त्याच काठावर, त्याच दगडावर बसलो. पहिल्या दिवशी पांढऱ्या टाचण्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की साऱ्या सारख्या पांढऱ्या नाहीत. काहींच्या अंगावर काळसर छटा धरू लागली होती, काहींचे पाय फिकट पिवळे होते. सहाव्या दिवसापर्यंत अगदी कोऱ्या पांढऱ्यापासून काळसर अंगाच्या, गर्द पिवळ्या पायांच्या नरापर्यंत सगळ्या पायऱ्या मी त्या दहा पावलांच्या काठावर पाहिल्या. ती कॉपेरा मार्जिनिपेस होती. ओढ्याकाठच्या सावलीत सर्रास आढळणारी, माझ्या वीस-पंचवीस ओळखीच्या जातींपैकी एक. तिचं बालपण तेवढं मी कधी पाहिलं नव्हतं. फ्रेझरच्या पहिल्या खंडात ही जात होती, आणि मी ती पानं ओलांडून पुढे गेलो होतो.

वाईट वाटलं, हे खरं. पण त्या सहा दिवसांनी नव्या जातीच्या बातमीकडे पाहण्याची माझी नजर पालटली. 2021 साली साताऱ्याजवळच्या ठोसेघरहून युफीया या प्रजातीतली एक जात नवी म्हणून वर्णिली गेली, युफीया ठोसेघरेन्सिस. श्रीराम भाकरे, कलेश सदाशिवन आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. पश्चिम घाटात या प्रजातीच्या तीन जाती आधीपासून ठाऊक होत्या. चौथी आहे असं म्हणायचं, तर त्या तिघी पूर्ण ओळखीच्या हव्यात. मागच्या पंखावरचा काळा पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, इतक्या बारकाव्यापर्यंत. केरळातल्या अगस्त्यमलय परिसरातल्या मेलॅनोन्यूरा अगस्त्यमलायिकाची गोष्टही अशीच. फ्रेझरने 1922 मध्ये मेलॅनोन्यूरा या प्रजातीतली पहिली जात वर्णिली आणि पुढे शंभर वर्षं ती एकटीच राहिली. काळ्या लांबट अंगावर निळ्या खुणा असलेली दुसरी जात तिच्याहून वेगळी आहे, हे केरळातल्या अभ्यासकांबरोबर पुण्यातल्या पंकज कोपर्डे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तिथे वक्षाची घडण आणि शेपटीची उपांगं तर तपासलीच, पण दोघींच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडाही ताडून पाहिला. त्यात सात टक्क्यांहून अधिक फरक निघाला. ‘कशापेक्षा वेगळी?’ या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर द्यावं लागतं.

या कामातली एक गोष्ट मला अजूनही जड जाते. नव्या जातीच्या नावामागे एक देह असतो. एक टाचणी पकडून, मारून, चिठ्ठी लावून संग्रहात ठेवतात आणि ते नाव कायमचं तिच्याशी बांधलं जातं. तिला नामधारक नमुना म्हणतात. उद्या कुणाला शंका आली, तर त्याने त्या देहाकडे परत यायचं. सर सांगतात, की तो नमुना घेताना हात थरथरत नसेल, तर त्या माणसाने हे काम करू नये. मला ते पटतं. जिच्या नावाने पुढच्या साऱ्या ओळखल्या जाणार, तिचं वर्णन अचूक करणं एवढीच फेड आपल्या हाती असते.

त्या चिठ्ठीवर तारीख असते, उंची असते आणि ठिकाण असतं. ठोसेघर हे नाव आता एका टाचणीच्या नावात आहे. ती नोंद जगात जिथे जिथे वाचली जाईल, तिथे साताऱ्याजवळचं हे गाव उच्चारलं जाईल. दक्षिण पश्चिम घाटातल्या आणखी एका टाचणीचं नाव 2023 मध्ये प्रोटोस्टिक्टा आर्मागेडोनिया असं ठेवलं गेलं. आर्मागेडन म्हणजे सर्वनाशाची अखेरची लढाई. जगभर कीटक घटत चालले आहेत, त्याची आठवण राहावी म्हणून हे नाव. बारशालाच असं नाव ठेवावं लागणं मनाला लागतं. पण टाचणीची पिल्लं पाण्यातच वाढतात. ओढा वळवला, काठची सावली तोडून रबर लावलं, की पिढीच संपते. मग चिठ्ठीवरचा पत्ता उरतो, तिथे राहणारी उरत नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी पुन्हा देवराईत गेलो. पांढऱ्या टाचण्या होत्या. आता मी प्रत्येक वेळी चिठ्ठीवर लिहावी तशी वहीत पूर्ण नोंद करतो. त्या दिवशी ठिकाणाशी अडलो, कारण इतकी वर्षं मी नुसतं ‘ओढा’ असंच लिहीत आलो होतो. माझ्या नकाशात त्याला नाव नव्हतं. पलीकडून एक आजोबा गुरं घेऊन येत होते. त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

“देवाचो व्हाळ म्हणतत हेका. पयल्यापासून.”

मी वही उघडली. जुन्या पानावरच्या ‘बहुधा नवीन जात’ या शब्दांवर काट मारली नाही. त्यांच्याखाली लिहिलं, ‘कॉपेरा मार्जिनिपेस, अपक्व. देवाचा व्हाळ.’