पडलेलं फूल


आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ७

श्रीकृष्ण निजधामाला जाणार हे उद्धवाला कळलंय आणि तो कासावीस झालाय. भगवंत त्याला सांगतात, सगळ्यांवरची माया सोड, मन माझ्यात ठेव आणि समदृष्टीने पृथ्वीवर फिर. उद्धव प्रामाणिक माणूस. तो सरळच कबूल करतो, देवा, हे फार अवघड आहे. मग भगवंत यदुराजा आणि अवधूताची गोष्ट काढतात.

यदूचा प्रश्न मला अगदी आपल्यातला वाटतो. सगळे लोक काम-लोभाच्या वणव्यात होरपळताहेत आणि तू मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखा गार कसा? उत्तरात अवधूत आपले २४ गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य... (कबुतरही आहे, पण आसक्तीने घात कसा होतो ते शिकवायला. आमच्या बाल्कनीतल्या कबुतरांकडून मी अजून फक्त चिडायला शिकलेय.)

यातल्या कुणीही त्याला समोर बसवून शिकवलं नव्हतं. वारा आपला वाहत होता, याने बघितलं. एवढंच.

आता माझं सांगते. बाबांना जाऊन दोन महिने झाले. माळ रोज घेते, पण खरं सांगू? १०८ मणी संपले की 'झालं एकदाचं' असं वाटायचं. मग त्याचंही अपराधी वाटायचं. मैत्रिणी म्हणायच्या, कुठेतरी डोंगरावर जाऊन ये, फ्रेश वाटेल. त्या 'फ्रेश'चा मला रागच यायचा. निसर्ग म्हणजे काय मोबाईलचा चार्जर आहे?

काल पहाटे दूध आणायला खाली उतरले. फोन हातात, ऑफिसचे मेसेज बघत. गेटपाशी वॉचमनकाका एकदम म्हणाले, "ताई, जपून. फुलं आहेत."

प्राजक्ताचा सडा होता. ओल्या फरशीवर पांढरी फुलं, केशरी देठ. बघता बघता आणखी एक गळलं, मग आणखी एक. आवाज नाही, काही नाही. मी तिथेच उकिडवी बसले. दोन-तीन मिनिटं असेन. त्या वेळात स्वतःबद्दलचा एकही विचार डोक्यात आला नव्हता, हे नंतर लक्षात आलं. दुःख होतं तिथेच होतं, पण श्वास छातीत अडकत नव्हता. अवधूतही फ्रेश व्हायला निघाला नसणार. तो बघत राहिला, आणि आनंद मागून आला असावा.

जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहू नये, असं आजी सांगायची. प्राजक्ताला मात्र सूट. तो पडलेलाच वेचायचा आणि तसाच वाहायचा. आणि मी गेले दोन महिने, मन आधी टवटवीत करू, मग देवापुढे बसू, म्हणून धडपडत होते!

ओढणीत मावतील तेवढी फुलं घेऊन वर आले. अर्धी विठोबापुढे, अर्धी बाबांच्या फोटोपाशी. आईने एक उचलून हुंगलं आणि म्हणाली, "यांना त्या सर्दीमुळे कधी वास यायचाच नाही बघ." दोन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. मग रडलोही थोड्या.

माळ आज अर्धीच झाली. उद्या आठवा अध्याय. सुरुवात अजगरापासून आहे.