गाडी चालवणारा आणि वेळ ठरवणारा

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट गाडीत चढत असतात, तेव्हाच ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलावर गाडीचे पुढचे दोन-तीन दिवस ठरत असतात. चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेरला राज्याची हद्द, मग सेंधवा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा आणि शेवटी दिल्लीची आझादपूर मंडी. अंतर सुमारे साडेबाराशे किलोमीटर. नॅशनल परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, फास्टॅग यांतले काही चुकले तर गाडी वाटेत अडकते, म्हणून हे सगळे आधी पाहिले जाते. चालक आदल्या रात्री किती तास झोपला, हे मात्र कोणत्याच कागदावर नसते.

हिशेब अवघड नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी ती फार तर 10 तासांपर्यंत नेता येई. घाट, टोल, शहराबाहेरची कोंडी धरून भरल्या गाडीने ताशी सरासरी 45 किलोमीटर गाठले, तरी दिल्लीपर्यंत 28 तास स्टिअरिंगवर जातात. एकट्या चालकाचे ते तीन दिवसांचे काम. त्यातही दिल्लीत अवजड गाड्यांना दिवसा बंदी. रात्रीची वेळ हुकली की पुढची रात्र होईपर्यंत थांबा. अशा वाटेवर संध्याकाळी निघालेला माल ‘परवा पहाटे’ उतरवायचा शब्द कुणी देत असेल, तर त्या शब्दात चालकाची झोप आधीच खर्ची पडलेली असते.

मग डुलकी लागून गाडी कुणाच्या अंगावर गेली, तर पाप कुणाचे?

पोलिसांच्या कागदात बहुधा एकच नाव आधी येते, चालकाचे. नाशिकच्या वेशीवर म्हसरूळला गजपंथाचे जैन तीर्थ आहे. ज्या परंपरेचे ते तीर्थ, तिने हा प्रश्न अधिक बारकाईने सोडवला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेसारख्या कर्माच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: मनात ठरवणे, त्यासाठी साधने जुळवणे आणि प्रत्यक्ष करणे. यातले प्रत्येक मनाने, वाणीने किंवा शरीराने होते. स्वतः केले जाते, दुसऱ्याकडून करवले जाते किंवा त्याला संमती दिली जाते. आणि मागे क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी काही असते. या सगळ्यांचा गुणाकार 108 होतो. पतंजलींच्या योगसूत्रांतही केलेली, करवलेली आणि अनुमोदलेली हिंसा एकाच सूत्रात शेजारी-शेजारी बसवली आहे. म्हणजे टेबलावर बसून गाडीची वेळ ठरवणे हे कर्माच्या बाहेरचे नुसते कारकुनी काम नाही. कर्म तिथेच सुरू झालेले असते.

ही मांडणी फक्त मंदिरापुरती आहे असे वाटत असेल, तर 1988 चा मोटार वाहन कायदा उघडून पाहावा. जादा भार भरलेली गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघांनाही कलम 194 एकाच वाक्यात पकडते: 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. त्याहून महत्त्वाचे आहे ते कलम 183 चे चौथे उपकलम. ठरावीक वेळेत प्रवास पुरा करा असा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते शक्यच नव्हते असे न्यायालयाला दिसले, तर तो हुकूमच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. करवणाऱ्याला इतके थेट गाठणारे हे उपकलम ट्रान्सपोर्टच्या प्रत्येक ऑफिसात भिंतीवर लावायला हवे.

यातून चालक सुटत नाही. करवणाऱ्याचा वाटा मोजला म्हणून करणाऱ्याचा कमी होत नाही. हे ओझे वाटून हलके होणारे नव्हे. 4 जुलै 2023 ला याच रस्त्यावर पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. अशा वेळी स्टिअरिंगवर कोण होते हे विचारावेच लागते. पण ब्रेक शेवटचे कुणी तपासले, गाडीत किती टन होते, पोहोचायची वेळ काय सांगितली होती, हे प्रश्नही त्याच दमात विचारायला हवेत.

अनुमोदनाचे उत्तर मात्र घाईने देऊ नये. दिल्लीतल्या घरी टोमॅटो चिरणाऱ्या बाईला त्या 28 तासांची कल्पनाही नसते. नकळत संमती देता येत नाही. ज्याला सगळे ठाऊक असते तो वेगळा. गाडी उशिरा आली की भाडे कापणारा आणि लवकर आली की वर बक्षिसी देणारा माणूस कुणाला वेग वाढवायला सांगत नाही, पण त्याची संमती त्या पैशांतच असते. परंपरेच्या तराजूत तो तिसरा आहे आणि लोभ त्याच्या खाती स्पष्ट दिसतो.

पुरावाही आता दुर्मीळ राहिलेला नाही. 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे पिंपळगाव, चांदवड, शिरपूर अशा प्रत्येक टोलनाक्यावर गाडीची वेळ आपोआप नोंदली जाते. चालक कुठे थांबला आणि कुठे थांबलाच नाही, हे त्यातून बरेचसे उलगडता येते. नोंद होत नाही ती फोनवर सांगितलेल्या वेळेची. ती बिल्टीवर लिहिली जावी: माल, वजन आणि भाडे यांच्या रकान्यांखाली पोहोचायची वेळ, दुसऱ्या चालकाचे नाव आणि ती वेळ ज्याने ठरवली त्याची सही.