घर गेलं, मंडळी राहिली

ऑक्टोबर १८५१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटन बेटावरून ‘मार्गारेट’ नावाचं जहाज सुटलं. ते बांधलं होतं सेंट ॲन्स या खेड्यातल्या गावकऱ्यांनी, आणि त्यात बसले होते तेच गावकरी: शेतकरी, कोळी, सुतार, त्यांच्या बायका, तान्ही मुलं. त्यांचे पाळक नॉर्मन मॅक्लाउड तेव्हा ७१ वर्षांचे होते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून हे जहाज सहा महिन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला लागलं. तिथेही बस्तान बसलं नाही. अखेर १८५४ च्या सुमारास न्यूझीलंडच्या उत्तरेला, वाइपू नदीच्या काठी ही माणसं स्थिरावली. मागून आणखी पाच जहाजं आली. एका प्रेस्बिटेरियन मंडळीतली आठशेहून अधिक माणसं दहाएक वर्षांत अर्ध्या पृथ्वीपलीकडे येऊन पुन्हा एकमेकांची शेजारी झाली.

स्थलांतरं इतिहासात पुष्कळ झाली. पण अख्खी मंडळी आपल्या पाळकासह, आपल्या गेलिक भाषेसह, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा उठते आणि तरी फुटत नाही, हे दुर्मीळ आहे. हे कशाच्या बळावर घडलं? बहुतेक जण मॅक्लाउड यांच्या करड्या व्यक्तिमत्त्वाकडे बोट दाखवतात. मला ते उत्तर अपुरं वाटतं.

मुळं स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यात आहेत. सदरलँड परगण्यातला ॲसिंट हा मॅक्लाउड यांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिथल्या जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या खोऱ्यांत राहणारी कुळं हाकलली गेली, लोकांनी परत येऊ नये म्हणून कितीतरी घरांची छपरं पेटवून दिली गेली. अशा वेळी माणूस चर्चकडे पाहतो. पण १७१२ च्या कायद्याने गावचा पाळक नेमण्याचा हक्क बहुधा जमीनदाराकडेच होता. त्यामुळे कित्येक पाळकांनी हे हाल म्हणजे तुमच्या पापांचं फळ आहे, असं बेघर झालेल्यांनाच सांगितलं. याच नेमणुकीच्या हक्कावरून पुढे १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. त्या फुटीची लाट मुंबईपर्यंत पोचली आणि ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण गिरगाव चौपाटीसमोर पाहतो ते डॉ. जॉन विल्सन आपल्या सहकाऱ्यांसह नव्या ‘फ्री चर्च’मध्ये गेले. विल्सनांमुळे स्कॉटिश चर्च आपल्याला शिक्षणाच्या बाजूने ठाऊक आहे. त्याच चर्चच्या मूळ भूमीत कुळांवर काय गुजरत होतं, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

मॅक्लाउड यांनी पाळकपदाचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं ते अशा पाळकांविषयीच्या संतापातून. ते अलापूलला शाळामास्तर झाले, लोकांना स्वतंत्रपणे उपदेश करू लागले, स्थानिक पाळकाशी त्यांचं भांडण झालं आणि १८१७ मध्ये ते नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला गेले. तीन वर्षांनी अनुयायांना घेऊन केप ब्रेटनला. पाळकपदाची रीतसर दीक्षा त्यांना मिळाली १८२७ मध्ये, तीही स्कॉटलंडच्या चर्चकडून नव्हे, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावी.

इथे मला या कथेचं मर्म दिसतं. या माणसांचं घर जमीनदाराचं होतं, डोंगर जमीनदाराचा होता, उपासनेचं व्यासपीठही त्याच्याच मर्जीतलं होतं. त्याच्या मालकीची नव्हती अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे रविवारी आपण सगळे एकत्र येतो ही रीत. म्हणून मंडळी हेच त्यांचं गाव झालं. १८४० च्या दशकाच्या अखेरीस केप ब्रेटनचं बटाट्याचं पीक रोगाने गेलं, लोक उपाशी राहू लागले, आणि त्याच सुमारास मॅक्लाउड यांच्या मुलाचं ऑस्ट्रेलियाहून पत्र आलं. तेव्हा ‘कोण जाणार’ एवढाच प्रश्न नव्हता. ‘सगळ्यांनी कसं जायचं’ हा होता. उत्तर म्हणून त्यांनी जंगल तोडलं आणि जहाज बांधायला घेतलं.

या एकजुटीची किंमत मोठी होती. सेंट ॲन्समध्ये मॅक्लाउड पाळक होते, शाळामास्तर होते आणि न्यायदंडाधिकारीही होते. भर उपासनेत ते नाव घेऊन माणसांना झाडत. चोरीचा आळ आलेल्या एका मुलाच्या कानाचं टोक कापायला लावल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. प्रेस्बिटेरियन रचनेचा पायाच असा, की सत्ता एका धर्मगुरूच्या हाती न राहता मंडळीने निवडलेल्या वडिलांच्या सभेकडे असावी. जमीनदाराच्या सत्तेतून सुटलेल्या लोकांनी ती सगळी एका पाळकाच्या हाती जाऊ दिली, याचं मला वाईट वाटतं. भयातून आलेल्या माणसाला खंबीर आवाज हवासा वाटतो, हे समजतं. पण त्याने त्या मुलाचं दुःख कमी होत नाही.

ही माणसं ऑस्ट्रेलियात पोचली तर सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीमुळे सगळे भाव चढलेले. ॲडलेडहून ती मेलबर्नला गेली, तर तिथल्या तंबूंच्या वस्तीत विषमज्वर पसरला आणि मॅक्लाउड यांचे तीन मुलगे दगावले. तिथून त्यांनी न्यूझीलंडचे गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांना सगळ्यांना एकत्र राहता येईल एवढ्या जमिनीसाठी पत्र लिहिलं.

१८६६ मध्ये मॅक्लाउड वारले. समाज त्यांच्याच धाकाने बांधलेला असता, तर तो तेव्हाच विखुरला असता. तसं झालं नाही. १८७१ मध्ये वाइपूकरांनी हायलँड खेळांची सुरुवात केली. बॅगपाइप, नाच, ओंडका फेकण्याच्या शर्यती आजही तिथे नववर्षाच्या दिवशी होतात. गेलिक बोलणारे सरले, पण कोणाचं घराणं कोणत्या जहाजातून आलं ही माहिती वाइपूच्या संग्रहालयात निगुतीने जपली आहे. श्रेय मंडळीचं आहे, ते तिला द्यावं.

आणि जमीन? केप ब्रेटन मिकमॉ लोकांची भूमी होती. ब्रिटिशांशी त्यांचे शांतता-करार झाले, पण त्यांत जमीन देऊन टाकलेली नव्हती. वाइपूची जमीन सरकारने माओरींकडून विकत घेऊन वसाहतकऱ्यांना दिली. तो खरेदीखतांचा काळ माओरींसाठी जमीन हातची जाण्याचा काळ होता. वाइपूलगतच्या ब्रीम बे या उपसागराच्या किनाऱ्यावर पाटुहाराकेके हे माओरी लोक आजही आहेत. मेंढ्यांसाठी हाकललेल्या कुळांची लेकरं दुसऱ्यांच्या मुलखात शेतकरी झाली. त्यांनी हे कपटाने केलं असं मी म्हणत नाही. साम्राज्य त्यांना जमीन देत होतं आणि त्यांना पोटाची आग ठाऊक होती. पण ज्याला विस्थापनाचं दुःख कळतं त्याच्याकडून, निदान त्याच्या वंशजांकडून, जास्त अपेक्षा ठेवणं मला गैर वाटत नाही.

गावातल्या जुन्या चर्चचा इतिहास सहसा पहिल्या उपासनेच्या तारखेपासून सुरू होतो. वाइपूचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तसं करू नये. पहिलं पान ॲसिंटच्या पेटलेल्या छपरांना द्यावं, दुसरं पाटुहाराकेकेंना, आणि मग जहाजांकडे यावं.