गळका स्लॅब आणि अडलेला हप्ता

मे महिना सुरू झाला की आपल्या वसईच्या गावांत रस्त्याच्या कडेला रेती-खडीचे ढीग दिसू लागतात. कुणी जुनी कौले उतरवून स्लॅब टाकतो, कुणी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतो, तर कुणी स्वयंपाकघरातल्या जुन्या लाद्या काढून टाईल्स बसवतो. पावसाआधी सारे उरकायचे असते. निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड, आखातातल्या मुलाने पाठवलेले पैसे, पतपेढीचे कर्ज असे किती तरी कष्ट त्या कामात ओतलेले असतात. मग जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस होतो आणि छताला ओल धरते. नव्या टाईलवर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. न्हाणीघरातले पाणी जाळीकडे न जाता दाराकडे वाहते.

येथून भांडणाला सुरुवात होते. घरमालक म्हणतो, "आधी काम नीट करून दे, मग राहिलेला हप्ता देतो." कंत्राटदार म्हणतो, "आधी हिशेब पुरा करा, मग माणसे पाठवतो." फोन उचलणे बंद होते. रविवारी मात्र दोघेही एकाच देवळात, एकाच मिस्साला येतात. शांतीची खूण देण्याची वेळ आली की एक उजवीकडे वळतो, दुसरा डावीकडे.

अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे? हक्क सोडून द्यावा की शेवटपर्यंत भांडावे? पैसे अडवून ठेवणे न्याय्य आहे की ते पाप आहे? हा केवळ सिमेंट-रेतीचा प्रश्न नाही. तो न्यायाचा आणि प्रीतीचा प्रश्न आहे. म्हणून आपण त्याचा शांतपणे विचार करू या.

वाईट काम हीदेखील चोरीच

पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पैसे घेऊन मुद्दाम निकृष्ट काम करणे ही किरकोळ चूक नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात (परिच्छेद २४०९) लाचलुचपत, करचुकवेगिरी, खोटी बिले यांच्याच रांगेत वाईट रीतीने केलेले काम हेही मोडते. आपण चोरी म्हटली की रात्रीच्या घरफोडीचा विचार करतो. पण कोब्यात सिमेंट कमी घालणे, भिंतीची ओल न काढता वरून पुट्टी फासणे हीही त्याच आज्ञेची पायमल्ली आहे. यहेज्केल संदेष्ट्याने अशा कामाचे चित्र फार पूर्वी रेखाटले. कच्ची भिंत, तिच्यावर पांढरा हात मारलेला आणि पाऊस आला की सारे उघडे पडलेले! त्याने ते खोट्या संदेष्ट्यांविषयी सांगितले. पण दृष्टान्त त्याला गवंडीकामातलाच सुचला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणि दोष नकळत राहून गेला असेल तर? संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीचा विचार करताना याचे उत्तर दिले आहे. ज्याला दोष माऊक नव्हता त्याच्याकडून पाप घडले नाही. पण दोष कळल्यानंतर झालेले नुकसान भरून देणे त्याला बंधनकारक आहे. "मी मुद्दाम केले नाही" या उत्तराने मन मोकळे होईल, हिशेब मोकळा होत नाही.

पण दोष नेमका कुणाचा?

आता घरमालकाच्या बाजूने विचार करू. प्रत्येक गळती ही फसवणूक नसते. साखरपुड्याची तारीख ठरली म्हणून "आठ दिवसांत आटपा" असा तगादा कुणी लावला? गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे असते. ते मारण्याची जबाबदारी कुणी घेतली होती आणि टाकीत पाणी नाही म्हणून कुणी टाळली? स्वस्त टाईल्स कुणी आणल्या? तीन कोटेशनांपैकी सर्वांत कमी आकड्याचे कोटेशन घेताना इतके कमी पैशात काम होते कसे, हा प्रश्न आपण विचारला होता का? मनोरा बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचे उदाहरण प्रभू येशूने दिले आहे. तो अंदाज मालकानेही घ्यायचा असतो.

म्हणून आरोप करण्याआधी दोषांची वेगवेगळी यादी करावी. हे कामातले, हे मालातले, हे आपल्या घाईतले. पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याला लबाड ठरवणे हा आठव्या आज्ञेचा भंग आहे.

किती पैसे अडवावेत?

हा खरा कसोटीचा प्रश्न आहे. न्यायाचे माप सरळ आहे. जेवढे नुकसान तेवढीच अडवणूक. समजा काम चार लाखांचे ठरले, साडेतीन लाख दिले गेले आणि पन्नास हजार बाकी आहेत. दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीने गळती काढायला तीस हजार लागतील असे सांगितले. मग तीस हजार थांबवणे हा न्याय आहे. पन्नासच्या पन्नास हजार थांबवून समोरच्याला नमवणे हा न्याय नव्हे, तो जोर आहे. उरलेले वीस हजार त्याचे आहेत. ते आपल्या कपाटात असले तरी आपले नाहीत. उलट दुरुस्तीचा खर्च बाकीपेक्षा जास्त निघाला तर वरची रक्कम मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

यात आणखी एक माणूस आहे. तो कोटेशनमध्ये दिसत नाही. सकाळी नाक्यावर उभा राहून दिवसाच्या मजुरीवर आलेला बिगारी, घमेली वाहणारी बाई, दूरच्या जिल्ह्यातून आलेला लादी बसवणारा कारागीर. आपण हप्ता अडवला की कंत्राटदार सर्वांत आधी त्यांची मजुरी अडवतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असा दंडक अनुवाद ग्रंथात आहे. अडवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतो.

कायद्याने त्यांची मजुरी देणे कंत्राटदाराचे काम आहे, आपले नाही, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण आपल्या घरात आठ दिवस राबलेल्या माणसाच्या घरी चूल पेटली की नाही, हे आपल्याला ठाऊक असेल तर तेवढ्या उत्तराने सदसद्विवेकबुद्धी शांत होऊ नये. जो भाग निर्विवाद देणे आहे तो ताबडतोब द्यावा आणि त्यातून मजुरांचे पैसे आधी चुकते व्हावेत असा आग्रह धरावा. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात दोन्ही कर्तव्ये शेजारी शेजारी सांगितली आहेत. कामगाराने ठरलेले काम इमानाने पुरे करावे आणि मालकाने न्याय्य वेतन द्यावे. एक बाजू मोडली म्हणून दुसरी आपोआप रद्द होत नाही.

प्रभूने दाखवलेल्या पायऱ्या

भाऊ चुकला तर काय करावे, हे प्रभूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. आधी दोघांनीच एकांतात बोलावे. नाही ऐकले तर एक-दोन साक्षीदार घ्यावेत. तेवढ्यानेही भागले नाही तर मंडळीपुढे न्यावे.

पहिली पायरी आपण बहुधा वगळतो. कंत्राटदाराला कळण्याआधी सगळ्या आळीला कळलेले असते. तसे न करता त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा, ओल दाखवावी आणि दुरुस्तीची पहिली संधी त्यालाच द्यावी. काय काय करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. फोटो काढून ठेवावेत. यात अविश्वास नाही. उलट पुढे शब्दाला शब्द वाढू नये म्हणून हा आधार आहे.

दुसऱ्या पायरीवर साक्षीदार म्हणून आपला मेहुणा किंवा त्याचा साडू नको. दोघांनाही मान्य असलेला इंजिनियर किंवा जुना मिस्त्री हवा. गच्चीवर पाणी साठवून एक-दोन दिवस ठेवले की गळते कुठे ते दिसते. भांडणापेक्षा ही चाचणी जास्त खरे बोलते. तिसऱ्या पायरीवर आपला छोटा ख्रिस्ती समूह, गावातले वडीलधारे किंवा धर्मगुरू मध्यस्थी करू शकतात.

आणि त्यानंतर कायदा? बंधूने बंधूला न्यायालयात खेचावे याबद्दल संत पौलाने करिंथच्या मंडळीला खडसावले होते, हे खरे. तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का, हा त्याचा सवाल होता. म्हणजे आधी घरातला शहाणपणा वापरावा. पण सारे दरवाजे बंद झाले तर कायद्याकडे जाणे हे पाप नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, मोबदला घेऊन केलेल्या कामातल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या कामासाठी शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. याच कायद्यात मध्यस्थीचीही सोय आहे. आयोगापुढे गेल्यावरही समेटाची वाट बंद होत नाही.

क्षमा म्हणजे काय?

"फादर क्षमा करायला सांगतात, मग पैसे सोडून देऊ का?" असे काही जण विचारतात. क्षमा म्हणजे सूड सोडणे. हक्क सोडणे म्हणजे क्षमा नव्हे. मनात राग न ठेवता दुरुस्ती मागता येते. तसेच एक पैसाही न मागता आयुष्यभर द्वेष बाळगता येतो. समोरचा माणूस खरोखर अडचणीत असेल, तर काही रक्कम सोडून देणे ही प्रीती आहे. पण ती देणाऱ्याने स्वखुशीने द्यायची असते. ती मागून घेण्याचा अधिकार वाईट काम करणाऱ्याला नाही.

बदनामीचेही तसेच आहे. देवळाच्या फाटकात उभे राहून एखाद्याची रोजीरोटी बुडवणे हे पाप आहे. मात्र कुणी काम देण्याआधी आपल्याला विचारले तर घडले तेवढे, वाढवून न सांगता, खरे सांगणे हे कर्तव्य आहे. त्याने नंतर दुरुस्ती करून दिली असेल तर तेही आवर्जून सांगावे.

आमच्या कंत्राटदार बांधवांनाही एक विनंती. जक्कय प्रभूला भेटला तेव्हा तो नुसता रडला नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देईन, असे त्याने जाहीर केले. पापनिवेदनात क्षमा मिळते, पण शक्य असेल तेथे नुकसान भरून द्यावेच लागते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दुसऱ्याच्या छतातून ठिबकणारे पाणी तीन प्रणाम मारिया म्हणून थांबत नाही. त्यासाठी शिडी घेऊन पुन्हा गच्चीवर चढावे लागते. आणि जो चढतो त्याचे नाव गावात लहान होत नाही, मोठे होते.

वेदीजवळ अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे. या पावसाआधी ज्यांचा असा एखादा हिशेब अडलेला असेल, त्यांनी पुढच्या रविवारची वाट पाहू नये. या आठवड्यात एक फोन करावा. मालकाने म्हणावे, "एकदा येऊन बघून जा." कंत्राटदाराने म्हणावे, "येतो."

सुतारकाम करून घर चालवणाऱ्या संत जोसेफाने आपल्या हातांना इमान आणि आपल्या मनांना न्यायबुद्धी मिळावी म्हणून आपल्यासाठी विनंती करावी. आमेन.