आठवण ठेव

आजचं वाचन: लूक २३:३९-४३

दोन वर्षांपूर्वी माझी चूक मी एका ज्युनिअरवर ढकलली. त्याचं प्रमोशन गेलं. दिघीला घरी येताना मॅगझीन चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो की तेच आठवतं. प्रार्थना रोज करतो, ओझं तसंच.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, पापाचं ओझं उतरलंच नाही, हे त्यांना कळायला आठ वर्षं लागली. एवढ्या विदुषीला! मग आपलं काय, मित्रांनो?

वधस्तंभावरच्या त्या चोराने आपला गुन्हा विसरायला सांगितलं नाही. आधी तो कबूल केला, मग म्हणाला, माझी आठवण ठेव. मी मात्र प्रभूकडे विसरणंच मागत होतो.

त्या ज्युनिअरचा नंबर शोधलाय. आज दहा वाजता फोन करतोय. प्रार्थनेत आठवण ठेवा.