तण कोणास म्हणावे?

ज्वारीत कुर्डूचे रोप उगवले की शेतकरी ते तण म्हणून उपटतो. आणि ते योग्यच आहे, कारण कोवळ्या पिकाचे अन्नपाणी ते हिरावून घेते. परंतु त्याच रोपाची कोवळी पाने सायंकाळी त्याच्या घरी भाजी म्हणून शिजतात. बांधावर त्याचीच मुळे माती धरून ठेवितात. मग दोष रोपाच्या जातीत, की स्थळात? उलट, १९५५ साली पुण्यात दिसून आलेले गाजरगवत अंगास खाज व श्वासास त्रास देते. ते कोठेही असो, उपटावेच. तात्पर्य, निवाडा नावावरून नव्हे, परिणामावरून करावा. ज्यांच्या पूर्वजांस गावाने जन्मावरूनच हलके ठरविले, त्या आपण तरी कोणा मनुष्यास तण म्हणण्यापूर्वी थांबू नये काय?